बारीक बाईची चरबी

पांढरी, घट्ट, वर सुरीची एक तिरपी खूण. पत्र्याच्या डब्यातली चरबी हिवाळ्यात अशी दिसते. उन्हाळ्यात ती कडेने जरा सैल होते आणि तिला घाम फुटल्यासारखा वाटतो.

*

स्वेतोझार नावाच्या माणसाच्या पट्ट्याला दुकानातून आली त्याहून जास्त भोकं होती. ती त्याने स्वतः खिळ्याने पाडली होती. पट्टा शेवटच्या भोकात अडकवला की त्याचं टोक पाठीमागे जाऊन लोंबायचं.

*

ठोका जिथे पडायला हवा तिथे पडत नाही. जरा आधी पडतो किंवा जरा नंतर, आणि कानाला ते आवडतं. मुलांना हे समजावताना टाळी द्यायची नाही. हात हवेत धरून ठेवायचा.

*

समोरच्या दारातल्या एतेल्काकडे जाताना पायातल्या सपाता बदलत नाहीत. एतेल्काकडे जाणं हे जाणंच नाही.

*

"डाव्या कुशीवर व्हा. श्वास सोडा. सोडून ठेवा. हं. इथे चरबी बरीच दिसतेय हो."

"कुठे?"

"हृदयाभोवती."

*

स्पोमेंका हसली होती. छातीवर गार जेली, बरगड्यांमध्ये डॉक्टरीणबाईंनी दाबून धरलेलं ते यंत्राचं टोक, आणि ही हसतेय. पडद्यावरचं चित्र हललं, डॉक्टर व्लाओविच म्हणाल्या, हसू नका, आणि तिला आणखीच हसू आलं. कारण नोवी सादमध्ये तिला ओळखणाऱ्या कुणालाही विचारा, संगीतशाळेतली स्पोमेंका कोण, तर तो सांगणार, ती व्हायोलिनचा गज. पंचावन्नाव्या वर्षीही तिचे स्कर्ट शिवणारी बाई माप घेताना म्हणते, तुमच्याकडून शिलाई जास्त घ्यायला हवी, कापड कुठे अडकवायचं ते कळत नाही. आली होती पायाच्या फुगलेल्या शिरांसाठी. शिरांच्या ऑपरेशनला हृदय ठीक असल्याचा कागद लागतो, म्हणून ही तपासणी. कागद घ्यायचा आणि निघायचं. "डॉक्टर, माझ्या अंगात चरबी? आणि तीही तिथे?" डॉक्टर वयाने तिच्यापेक्षा बऱ्याच लहान, डोळ्यांखाली झोप न झाल्याची निळसर छटा. त्या पडद्याकडे बघत म्हणाल्या, "बारीक माणसात नसते असं नाही. बाहेरून दिसत नाही, एवढंच. या चरबीचा आणि हृदयाला रक्त पुरवणाऱ्या नळ्यांचा संबंध असतो. तुमच्या वडिलांचंही तुम्ही सांगितलंत. एकदा त्या नळ्या आतून बघून घेऊ." मग हसू थांबलं. ते कधी थांबलं हे तिला नेमकं आठवत नाही. जेली पुसायला दिलेला कागद खरखरीत होता हे मात्र आठवतं.

संबंध. या एका शब्दाबरोबर तिने पुढचे दिवस काढले. वर्गात मुलं स्वर वाचत असायची, आणि तिच्या मनात तो शब्द पियानोचं पेडल दाबून धरल्यासारखा लांबत राहायचा. न्हाताना ती बरगड्यांवरून बोटं फिरवायची. एकेक बरगडी मोजता येत होती. त्यांच्या आत, चार बोटांवर, कुणीतरी लठ्ठ बाई राहत होती. कधी शिरली? काय खाऊन वाढली? स्पोमेंकाने ताटात वेगळं काढून ठेवलेलं सगळं तिने मागच्या दाराने खाल्लं असणार. घरचा भेदी म्हणतात तो असा. बाहेरून दार लावून घेतलंय, कुलूप घातलंय, आणि तो आधीपासून आतच बसलाय, शेकोटीजवळची उबदार जागा धरून. तिला भीती वाटत होती हे खरं. पण भीतीच्या अगोदर फसवले गेल्याचा राग होता. ही बारीक अंगकाठी तिला वडिलांकडून मिळाली होती, आणि ती तिने वडिलांच्या घड्याळासारखी जपली होती.

वडील, स्वेतोझार, जेवताना गेले. रविवार होता, आई सूप वाढत होती, त्यांनी मिठाकडे हात केला आणि तो हात मिठापर्यंत पोचला नाही. चोपन्नावं वर्ष. अंत्यविधीला देसांका आत्या सगळ्या बायकांसमोर आईकडे बोट करून म्हणाली होती, "चरबी घालून घालून मारला हिने माझा भाऊ." आई त्या वेळी पाहुण्यांपुढे मयताच्या प्रसादाचे उकडलेले गहू फिरवत होती, आणि तिने आत्यापुढेही वाटी धरली. स्पोमेंका तेव्हा एकोणीस वर्षांची. तिने ते वाक्य उचललं आणि बेलग्रेडला घेऊन गेली, तिथून नोवी सादला आणलं. त्यानंतर तिच्या स्वयंपाकघरात सूर्यफुलाचं तेल. आईकडे, म्हणजे झिवानाकडे, गावाला गेली की उकडलेले बटाटे आणि लोणच्याच्या मिरच्या. आई वाढायची नाही आणि विचारायचीही नाही. स्वतः मात्र पावाच्या जाड कापावर चरबी थापून वर मीठ आणि लाल तिखट भुरभुरवून खायची, बोटं चाटायची. आता ब्याऐंशीची आहे, अंगाने ऐसपैस, आणि माळ्यावर शिडीने चढते. हा हिशेब कधीच जुळत नव्हता. बारीक माणूस गेला, चरबी खाणारी बाई शिडीवर. पण काही बेरजा माणूस एकदाच करतो, उत्तर मनाजोगं आलं की पाटी पुसून टाकतो.

लहानपणी एकदा, अशाच नोव्हेंबरात, डुक्कर कापण्याच्या दिवशी, वडिलांनी तिच्या हातात हृदय दिलं होतं, धुऊन आण म्हणून. वाफा येत होत्या. तिला वाटलं होतं ते लाल आणि गुळगुळीत असेल. पण त्याच्या खाचांमधून, नसांच्या बाजूने, पिवळट पांढरी चरबी बसली होती, मऊ, कुणी मायेने भरून ठेवल्यासारखी. तिने विचारलं, हे काय? वडील राकिया दारूचा पेला तोंडाला लावून म्हणाले, "थंडी वाजत होती त्याला. स्वेटर घातला." सगळे हसले होते. ती गार पाण्याखाली ते हृदय फिरवत राहिली, आणि तो स्वेटर काही निघेना.

तर आजची सकाळ. नळ्यांच्या तपासणीच्या कागदावर स्पष्ट लिहिलं होतं, आदल्या दुपारपासून कॉफी नाही. तिने ते अक्षरशः पाळलं. कॉफी उकळायची जेझ्वा ओट्यावर दिसू नये म्हणून कपाटात, पिठाच्या डब्यामागे ठेवली. संध्याकाळी डोकं दुखलं ते सहन केलं. सकाळी लिंबाच्या पानांचा चहा, तोही अर्धाच. स्वतःचं कौतुक वाटत होतं. गॅसचा मीटर वाचायला माणूस येणार होता, म्हणून निघताना किल्ली समोर एतेल्काला द्यायला गेली. एतेल्काला खरं सांगितलं नव्हतं. दातांच्या डॉक्टरकडे जाते म्हणाली होती, कारण एतेल्काला सांगितलं की जिन्याला कळतं, जिन्याला कळलं की गावाकडे आईला कळतं, मध्ये फक्त दुपार जावी लागते.

"उभ्या उभ्या किल्ली देतेस? पोस्टमन आहेस का तू?" एतेल्का म्हणाली. "बस. तुझ्या त्या दातवाल्याला म्हणावं थांब. दात काही पळून जात नाही."

"उशीर होईल अगं."

"उशीर झालाय तो तिसऱ्या मजल्यावरच्या कालमानला. काल परत बायकोच्या दारात बसला होता फुलं घेऊन. सोडून गेल्याला वर्ष झालं, आत्ता आठवली फुलं. आणि फुलं कुठली? आमच्या खालच्या बागेतली! मी लावलेली!"

मग कालमान, मग फुलं, मग कालमानची बायको दार उघडेल की नाही, मग एतेल्काचा नवरा आतून ओरडला की उघडेल, आणि एतेल्का ओरडली, तुला कुणी विचारलं. स्पोमेंका हसत बाहेर पडली. बसमध्ये तिला हलकं वाटत होतं. पुलावरून जाताना डॅन्यूब नदीवर धुकं होतं.

हृदयाचं रुग्णालय नदीपलीकडे, टेकडीच्या पायथ्याशी. तपासणीच्या खोलीत मिलेंको नावाचा कर्मचारी होता, धिप्पाड, मनगटावर लाल दोरा, बोलणं असं की सगळ्या आजारी बायका त्याच्या मावश्या. त्याने छातीवर तारा चिकटवल्या आणि यंत्राकडे बघून भुवई वर केली.

"मावशी, बसमागे धावलात का?"

"बसमध्ये बसून आले."

"भीती वाटतेय?"

"नाही."

"कॉफी?"

"एक थेंब नाही. काल दुपारपासून." हे ती अगदी ताठ मानेने म्हणाली. आणि म्हणता म्हणता टाळूच्या मागच्या बाजूला, जिथे गिळलेल्या गोष्टीची शेवटची खबर उरते, तिथे कडवट बारीक भुकटी लागली. जीभ तिथे गेली. कपाचा तळ दिसला. एतेल्काचा सोनेरी काठाचा कप, तळाशी गाळ, आणि तो गाळ तिने नेहमीसारखा भविष्य बघायला गोल फिरवून बशीवर पालथा घातलेला. प्यायल्याची आठवण नव्हती. पालथा घातल्याची होती. "…शेजारणीकडे फक्त," ती म्हणाली, आणि तिला स्वतःचा आवाज वर्गात गृहपाठ विसरलेल्या मुलीसारखा ऐकू आला.

मिलेंकोने मान वळवून आतल्या खोलीकडे हाक मारली. "डॉक्टर! शेजारीण!"

आतून डॉक्टर व्लाओविच यांचा आवाज आला, "आज तिसरी."

"या देशात, मावशी, हृदयाचे आजार नंतर," मिलेंको तारा काढत म्हणाला. "आधी शेजारणी. मागच्या आठवड्यात एकाने काय सांगावं? म्हणे कॉफी नाही प्यायली, फक्त भावाशी बोललो. किती बोललात विचारलं, तर म्हणे दोन कप."

हृदय एवढ्या लगबगीने पळत असेल तर नळ्यांचं चित्र धूसर येतं. त्याने तिला एक गोळी दिली. ठोके खाली आणणारी. बाहेर बसा, काही करू नका, कुणाशी भांडू नका, दुपारपर्यंत हृदय शांत झालं तर घेतो आत. नाही झालं तर पुढची तारीख, बहुधा मार्चमध्ये. मार्च. म्हणजे सगळा हिवाळा त्या शब्दाबरोबर. लठ्ठ बाईबरोबर एका बिछान्यात. आणि जो पुढचा विचार ती करत नव्हती तो तिने आत्ता, त्या निळ्या प्लास्टिकच्या खुर्चीवर, केला: आणि मार्चपर्यंत हात मिठापर्यंत पोचला नाही तर?

कॉरिडॉरमध्ये रेडिएटर तापलेला, समोर खिडकीत उघडी झाडं. लय सावकाश करणं हे तर तिचं काम. तीस वर्षं ती मुलांना सांगत आली, धावू नका, विलंबित म्हणजे झोप नव्हे, दोन ठोक्यांच्या मध्ये जी जागा असते तिच्यात राहायला शिका. तिने मनगट धरलं. नाडी द्रुत, वर उडती, एतेल्काच्या जिन्यावरून धावत उतरणाऱ्या पावलांसारखी. तिने मनातला मेट्रोनोम काढला आणि त्याचं वजन वर सरकवलं. टक्. टक्. हृदय ऐकेना. शिक्षिकेचं कोण ऐकतं. मग तिने मेट्रोनोम बंद केला आणि नुसतं ऐकत बसली, आणि तेव्हा तिला एक चमत्कारिक गोष्ट जाणवली, की आजवर तिने हे कधी ऐकलंच नव्हतं. जगातल्या सगळ्यांचे ठोके तिने ऐकले, कोण अर्ध्या मात्रेने आधी येतो, कोण मागे रेंगाळतो, पण हा एक विद्यार्थी शेवटच्या बाकावर पंचावन्न वर्षं वाजवत बसला होता. अंगात स्वेटर घालून. तिने त्याला कधी पुढे बोलावलं नाही. बेसूर नव्हता, एवढ्यावरच तिने त्याला सोडून दिलं होतं. आणि वडिलांच्या आत जो होता, त्याच्याकडे तरी कोणी लक्ष दिलं? त्या काळी कुठली यंत्रं. बारीक माणूस म्हणजे निरोगी माणूस, डॉक्टर पाठीवर थाप मारून म्हणायचे, तुम्ही शंभरी गाठणार. वडिलांना ते आवडायचं. घरी येऊन सांगायचे. आरशापुढे पोट आत ओढायचे, मुळात नसलेलं पोट.

फोन वाजला. आई.

"शनिवारी येतेस ना? मिशो खाटीक सकाळीच येतोय. यंदा डुक्कर एवढं झालंय की दारातून निघेल की नाही शंका आहे. मला आतडी धुवायला कोणी नाही."

"बघते, आई."

"बघते काय? आवाज का असा तुझा?"

"शाळेत आहे. कॉरिडॉरमध्ये."

"संगीतशाळेत? आणि एवढी शांतता? पोरं मेली की काय सगळी?"

नेमक्या त्याच वेळी मिलेंको दारात येऊन म्हणाला, "मावशी, कुणाशी बोलू नका म्हटलं होतं ना? नाडी बघू."

"हा कोण पुरुष?" आईने विचारलं. "नाडी कशाला बघतोय?"

"नंतर करते, आई," म्हणून तिने फोन ठेवला. मिलेंकोने मनगट धरलं, घड्याळाकडे पाहिलं, आणि ओठ मुडपले. "आईशी बोलूनसुद्धा खाली आलीय. गोळी चांगली आहे. चला."

मोठं पांढरं कडं, त्याच्यात सरकणारा पलंग, जिभेखाली नळ्या सैल करणारा गोडसर फवारा, दंडात सुई. आता गरम वाटेल, मिलेंको म्हणाला, चड्डी ओली झाली असं वाटेल, झालेली नसते, सगळ्यांना वाटतं. तो काचेमागे गेला. मग छताकडून एक आवाज आला, बाईचा, ध्वनिमुद्रित, सराईत. श्वास घ्या. धरून ठेवा.

आणि ऊब मानेतून उतरत छातीत आणि छातीतून पोटात आणि खरंच सगळं ओलं झाल्यासारखं आणि कडं गरगरतंय आणि आत कोणीतरी बघतंय माझ्या त्या बाईकडे जिने स्वेटर घातलाय आणि बाबा तुमच्या आत कुणी पाहिलं नाही कुणी एकदाही पाहिलं नाही तुम्ही मीठ मागितलं असतं तर मी दिलं असतं मी टेबलाच्या त्या टोकाला होते आणि ठोका पडत नाही पडत नाही हात हवेत आणि पडला आणि पुन्हा

सोडा.

तिने सोडला. एवढंच होतं. मिलेंको आत येऊन म्हणाला, "संपलं. शेजारणीला सलाम सांगा."

डॉक्टरांनी बोलावलं तेव्हा तिने कोटाची सगळी बटणं लावली होती, जणू निकाल ऐकून लगेच थंडीत जायचंय. पडद्यावर राखाडी चित्र. डॉक्टर व्लाओविच यांनी एक कळ दाबली आणि हृदयाभोवती पिवळा रंग पसरला, असमान, कुठे पातळ, उजव्या बाजूला चांगलाच जाड. "हे तुमचं. यंत्राने रंगवलंय, खरा रंग असा भडक नसतो." ती बघत राहिली. लठ्ठ बाई तिला वाटली होती तशी नव्हती. कुणी घाईत पांघरलेल्या शालीसारखी होती. तिच्यातून पांढऱ्या बारीक वाटा उतरत होत्या, वळत, फाटे फुटत.

"आणि या नळ्या. ही डावीकडची, ही मागे वळणारी, ही उजवी. तिन्ही मोकळ्या आहेत."

"म्हणजे?"

"म्हणजे मोकळ्या."

"अरुंद नाहीत कुठे?"

"नाहीत. चुन्याचा कणसुद्धा साचलेला नाही."

"पण चरबी आहे."

"आहे. भरपूर आहे." डॉक्टर खुर्चीत मागे रेलल्या. "बघा, ही चरबी अगदी नळीला लागून असते, मध्ये पडदासुद्धा नाही. शहाणी असते तोवर उशीसारखी असते, हृदयाला खाऊही घालते. बिघडली की तिच्यातली जळजळ नळीच्या भिंतीत उतरते. म्हणून जिथे ही जास्त, तिथे नळ्या खराब झालेल्या जास्त वेळा सापडतात. म्हणून तर तुम्हाला बोलावलं. पण जास्त वेळा म्हणजे दर वेळी नाही."

"मग माझी काय करते?"

"सध्या? बसलीय."

"पाहुण्यासारखी?"

"पाहुणा उठून जातो, बाई. हिला तुम्हाला चालवत न्यावं लागेल. रोज चाला, चांगलं जोरात. गोडधोड कमी. साखर आणि रक्तदाब तपासत राहू. पायाच्या शिरांचं ऑपरेशन खुशाल करून घ्या, कागद देते."

स्पोमेंकाला आणखी एक विचारायचं होतं. तिने कोटाचं वरचं बटण काढलं, मग विचारलं. तिचे वडील बारीक होते, अगदी तिच्यासारखे. त्यांच्या आतही असंच असेल का? डॉक्टरांनी पडद्यावरचं चित्र बंद केलं. मग म्हणाल्या, "मी त्यांना पाहिलेलं नाही. असेल. नसेलही. कशामुळे गेले ते आता कोणी सांगू शकणार नाही." आणि हे ऐकून तिला वाईट वाटायला हवं होतं. पण छातीतून काहीतरी उठून गेलं, खुर्ची मागे सरकवून, आवाज करत. इतकी वर्षं ती एका खटल्यात न्यायाधीश होऊन बसली होती, पाठ ताठ करून, उकडलेले बटाटे खात. पुरावाच नाही, म्हणाल्या डॉक्टर. मग उठायला हरकत नव्हती.

बसथांब्यावर तिने आईला फोन लावला आणि सगळं सांगून टाकलं, डॉक्टर, चरबी, मोकळ्या नळ्या, एका दमात, मध्ये आईला बोलू न देता. पलीकडे कोंबड्या ओरडत होत्या.

"म्हणजे तुझ्या अंगात चरबी आहे," आई म्हणाली.

"आहे."

"देवाची दया. मला वाटायचं तुझ्यात काहीच नाही."

"आई!"

"आणि तो नाडी बघणारा?"

"तो तिथला कर्मचारी."

"लग्न झालंय त्याचं?"

"आई, ऐक. मला एक सांग. बाबा खूप चरबी खायचे का?"

"तुझा बाप?" झिवाना हसायला लागली, तिचं ते पोटातून येणारं हसू, ज्यात खोकला मिसळतो. "तो खायचा कुठे? मी वाढायची, आणि तो टेबलाखालून गारोवला घालायचा. रोज. त्याला वाटायचं मला दिसत नाही. कुत्रा एवढा लठ्ठ झाला की लोक विचारायचे, गाभण आहे का? कुत्रा! गारोव!"

"तू कधी बोलली नाहीस."

"काय बोलायचं? पुरुषाला बारीक राहायची हौस असते, राहू द्यावी. माझी डुकरं, माझी चरबी, वाया तर जात नव्हती. कुत्रा सतरा वर्षं जगला."

"पण मग देसांका आत्या तेव्हा जे म्हणाली…"

"देसांकाचा भाऊ मेला होता," आई म्हणाली. तिचा आवाज पहिल्यांदाच खाली आला. "अशा वेळी माणसाला कुणीतरी लागतं. मी उभी होते समोर. मोठी होते अंगाने, दिसले." मग लगेच, नेहमीच्या पट्टीत, "तर शनिवारी येतेस?"

"येते."

"खाशील?"

"थोडं."

"थोडं म्हणजे किती ते मी बघते."

बस आली. स्पोमेंका खिडकीशी बसली. सुटका झाल्यावर माणूस ती कुठे ठेवतो? भीतीला जागा असते, ती बरगड्यांखाली, गळ्यात, रात्री उशीच्या कोपऱ्यात नीट बसते. सुटकेला घरच नाही. ती हातात मोठ्या पुडक्यासारखी घेऊन फिरावं लागतं, याला लागतं, त्याला लागतं, माफ करा म्हणावं लागतं. शेजारच्या म्हातारबुवांना तिने उगाच विचारलं, थंडी वाढली ना, आणि त्यांनी नाही म्हटलं तरी ती हसली. धुकं विरलं होतं, नदी खाली मातकट आणि रुंद. मनात मधूनच डॉक्टरांचा शब्द यायचा, सध्या. सध्या बसलीय. हा शब्द काही अगदी सुखाचा नव्हता. पण वाईटही नव्हता, कारण खरं म्हटलं तर एतेल्का सध्या होती, आई सध्या शिडीवर चढत होती, ही बससुद्धा सध्याच पुलावर होती. तिला फार भूक लागली. पाव, वर मीठ, वर लाल तिखट. आणि त्यांच्या खाली जे असतं ते. वडिलांची आठवण आली तर ती टेबलाखालची, वाकलेले वडील, आणि त्यांच्या बोटांना चाटणारी जाड, आनंदी जीभ. हे चित्र तिच्याजवळ कधी नव्हतं. ते तिने दोन थांबे उलटून पालटून पाहिलं. तिसऱ्या थांब्यावर तिला रडू आलं, आणि ते चांगलं रडू होतं, नाक गळणारं, रुमाल न सापडणारं.

एतेल्का दारातच उभी होती. गॅसवाला येऊन गेला, तिने सांगितलं, बूट न काढता आत शिरत होता, मी हाकलला, मग काढले. "आणि दाताचं काय?" स्पोमेंका म्हणाली, दात नव्हता, हृदय होतं, आणि तू पाजलेल्या कॉफीमुळे मला सकाळभर बसवून ठेवलं.

एतेल्काचा चेहरा आधी पांढरा झाला, मग लाल. "मला सांगायला काय तोंड शिवलं होतं? मी तुला काय विष दिलं असतं? तीस वर्षं मी या बाईला सगळं सांगते, नवऱ्याच्या मूळव्याधीपासून सगळं, आणि ही मला दात सांगते!"

"तू जिन्याला सांगितलं असतंस."

"सांगितलं असतं! मग? जिना तुझा वैरी आहे का?" ती पायपुसण्यावर पाय आपटत होती, आणि डोळे भरले होते, आणि ते स्पोमेंकाला दिसू नयेत म्हणून ती आणखी जोरात ओरडत होती. आतून नवऱ्याने विचारलं काय झालं, तर तिकडे वळून, "गप्प बस, हिचं हृदय ठीक आहे!" मग तिने स्पोमेंकाचा दंड धरला, घट्ट, कोटावरून. खालच्या आवाजात विचारलं, "खरं सांग. दम लागतो का तुला? चढताना, काही करताना? कधी लागला होता?"

स्पोमेंका जिन्यात उभी राहून आठवू लागली.

त्याच वर्षीच्या जुलैत, तिच्या आत कुणी अजून काहीच पाहिलेलं नसताना, ती एकटी डॅन्यूब पोहून पलीकडे गेली होती आणि पोहूनच परत आली होती.